रोहतासची लेक, खालशाची माता

नांदेडला येणारा यात्रेकरू सर्वप्रथम सचखंड हुजूरसाहिबच्या सोनेरी घुमटाखाली माथा टेकवतो. त्यानंतर नगिना घाट, बंदा घाट, माल टेकडी, शिकार घाट, संगतसाहिब, हिराघाट अशी शहरातील आणि शहराबाहेरील गुरुद्वारांची फेरी सुरू होते. या फेरीत हिराघाटाच्या परिसरात, मुगटच्या बाजूला, गोदावरीच्या काठी एक स्थान लागते. इतर स्थानांशी गुरूंचे आणि त्यांच्या शिष्यांचे प्रसंग जोडलेले आहेत. हे स्थान मात्र एका स्त्रीच्या नावाने ओळखले जाते. ही स्त्री म्हणजे माता साहिबदेवां, अर्थात माता साहिबकौर. दहावे गुरू गोविंदसिंगजी यांच्या पत्नी आणि खालसा पंथाच्या माता म्हणून जगभरातील शीख समाज त्यांना वंदन करतो.

त्यांचा जन्म आजच्या पाकिस्तानातील झेलम जिल्ह्यातला आणि अखेर दिल्लीतली. नांदेडमध्ये त्यांचा मुक्काम जेमतेम काही महिन्यांचा होता. तरीही त्यांच्या आयुष्याचे दोन भाग पडतात ते नांदेडलाच. गोदाकाठी येईपर्यंत त्यांच्या जीवनाचे निर्णय इतरांनी घेतले. गोदाकाठचा निरोप घेतल्यानंतर जवळजवळ चार दशके त्यांनी मुलुखापासून दूर राहून, विखुरलेल्या आणि छळल्या जाणाऱ्या एका समाजाचे मातृपद प्रत्यक्ष सांभाळले.

किल्ल्यातील बालपण

साहिबदेवां यांचा जन्म १ नोव्हेंबर १६८१ रोजी रोहतास येथे झाल्याचे मानले जाते. रोहतास म्हणजे शेरशहा सुरीने सोळाव्या शतकात बांधलेला प्रचंड किल्ला. हुमायून पुन्हा परतू नये आणि परिसरातील गख्खर टोळ्यांना आवर बसावा म्हणून झेलमजवळच्या टेकड्यांवर तो उभारण्यात आला. १९९७ साली या किल्ल्याचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. किल्ल्याच्या तटाबाहेर गुरू नानकांची स्मृती सांगणारे चोआसाहिब हे स्थान आहे. आत वस्ती होती आणि तिच्यात नानकांच्या मार्गाने जाणारी खत्री कुटुंबे होती. अशाच एका कुटुंबात भाई रामू यांच्या घरी ही मुलगी वाढली.

वडिलांची गुरुघरावर अपार निष्ठा. त्या निष्ठेपोटी त्यांनी आपली मुलगी गुरूंनाच देण्याचा संकल्प लहानपणीच सोडला होता, असे शीख परंपरा सांगते. ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. लोक त्या मुलीला आदराने वागवू लागले. मात्र या आदराची दुसरी बाजू कठोर होती. गुरूंच्या नावाने वाहिलेल्या मुलीला मागणी घालण्याचे धाडस कोणी करणार नव्हते. तिला स्वतःला काय हवे होते, याची नोंद कोठेही सापडत नाही. त्या काळातील बहुतेक स्त्रियांच्या चरित्रांत अशी नोंद सापडत नाही, तशीच ती येथेही नाही.

इसवी सन १७०० च्या सुमारास रोहतासहून निघालेल्या संगतीबरोबर भाई रामू मुलीची डोली घेऊन शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या आनंदपूरला पोहोचले. पंजाबी परंपरेत या डोलीला कुमारिकेची डोली असेच नाव पडले आहे. त्याच्या वर्षभर आधी, १६९९ च्या वैशाखीला, गुरू गोविंदसिंगजींनी आनंदपूरला खालसा पंथाची स्थापना केली होती. पहाडी राजे आणि मोगल सुभेदार दोघेही त्यामुळे सावध झाले होते. युद्धाचे ढग जमत होते. अशा वेळी गुरूंना नव्या संसाराची इच्छा नव्हती. त्यांनी प्रथम नकार दिला.

पण डोली परत जाणार कुठे, हा प्रश्न होता. माहेरी तिला कोणी वरणार नव्हते आणि सासर तिला स्वीकारत नव्हते. अखेर संगतीच्या आणि वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर गुरूंनी विवाहास संमती दिली. हे नाते केवळ आध्यात्मिक राहील, अशी अट त्यांनी घातली आणि ती साहिबदेवां यांनी मान्य केली. त्यांना स्वतःचे मूल होणार नव्हते. त्याऐवजी संपूर्ण खालसा गुरूंनी त्यांच्या पदरात घातला. तेव्हापासून त्या खालशाच्या माता म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. अमृत घेतल्यानंतर त्यांचे नाव साहिबकौर झाले. मात्र जुने साहिबदेवां हे नावही लोकांच्या ओठी टिकून राहिले.

पहिल्या अमृत समारंभात पाण्यात पताशे टाकणारी स्त्री म्हणजे साहिबदेवांच, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. तारखांचा मेळ घातला तर ते जुळत नाही. तो समारंभ १६९९ चा आणि त्यांचा विवाह त्यानंतरचा. पताशांचा मान माता जितोजींचा, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. तरीही लोकस्मृतीने तो प्रसंग साहिबदेवांच्या नावावर टाकला, यावरून समाजाच्या मनात त्यांना कोणते स्थान मिळाले होते हे लक्षात येते.

चार पुत्रांचा शोक

आनंदपूरचे दिवस फार टिकले नाहीत. मोगल फौजा आणि पहाडी राजे यांनी मिळून गडाला वेढा घातला. महिनोन्‌महिने चाललेल्या या वेढ्यात धान्य संपले, पाणी तोडले गेले. सुरक्षित वाट देण्याच्या शपथा घेतल्या गेल्या आणि १७०४-०५ च्या हिवाळ्यात गुरूंनी गड सोडला. शपथा पाळल्या गेल्या नाहीत. सरसा नदीच्या काठी, कडाक्याच्या थंडीत आणि पुराच्या पाण्यात गुरुपरिवाराची ताटातूट झाली.

गुरूंचे थोरले पुत्र अजितसिंग आणि जुझारसिंग चमकौरच्या लढाईत धारातीर्थी पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग आजी माता गुजरी यांच्यासह सरहिंदचा सुभेदार वजीरखान याच्या हाती सापडले. त्या दोन बालकांना भिंतीत चिणण्यात आले. माता गुजरींनीही तेथेच प्राण सोडले. साहिबदेवां आणि माता सुंदरी या दोघींना भाई मनीसिंग यांनी वाट काढत दिल्लीला सुखरूप पोहोचवले. कित्येक आठवडे त्यांना घरच्यांचे काय झाले याचा पत्ता नव्हता.

पुढे गुरू तलवंडी साबो येथे असल्याचे कळले. आज दमदमासाहिब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी दोघी माता येऊन पोहोचल्या. भरलेल्या संगतीत त्यांनी मुलांची विचारपूस केली. गुरूंनी समोर बसलेल्या शिखांकडे हात दाखवला आणि चौघे गेले असले तरी हे हजारो जिवंत आहेत, असे समजावले, ही कथा शीख घराघरांत सांगितली जाते. साहिबदेवांनी या चारपैकी एकालाही जन्म दिला नव्हता. पण ज्या घरात त्या सून म्हणून आल्या, त्या घराची पुढची पिढी अवघ्या काही दिवसांत संपली होती. पदरात घातलेल्या खालशाचा अर्थ त्या क्षणी बदलला. ते आता केवळ समाधानाचे शब्द राहिले नव्हते. घरात दुसरे कोणी उरलेच नव्हते.

दख्खनची वाट

गुरूंनी औरंगजेबाला पत्र पाठवले होते आणि त्याच्या भेटीसाठी ते दक्षिणेकडे निघाले. राजस्थानात असतानाच बादशहा मरण पावल्याची वार्ता आली. १७०७ च्या मार्चमध्ये अहमदनगरजवळ, ज्या मराठ्यांना संपवण्यासाठी त्याने पाव शतक दख्खनमध्ये घालवले त्यांच्याच मुलुखात, औरंगजेबाचा अंत झाला. गादीसाठी भावाभावांत युद्ध पेटले. त्यात विजयी झालेल्या बहादूरशहाची आणि गुरूंची आग्र्याला भेट झाली. सरहिंदच्या अन्यायाची दाद लागेल, ही आशा होती. बादशहा धाकटा भाऊ कामबक्ष याच्यावर चालून हैदराबादकडे निघाला, तेव्हा गुरूही त्याच्या छावणीबरोबर दक्षिणेकडे आले.

माता सुंदरी दिल्लीत राहिल्या. साहिबदेवां मात्र गुरूंबरोबर निघाल्या. आनंदपूर सुटले होते, रोहतास तर कधीच मागे पडले होते. नर्मदा ओलांडून, बऱ्हाणपूरला तापी पार करून ही मंडळी १७०८ च्या पावसाळ्यात नांदेडला पोहोचली. झेलमकाठी जन्मलेली, सत्ताविशीत पोहोचलेली ही स्त्री आता गोदाकाठी होती. भाषा परकी, हवा परकी. मात्र हा प्रदेश गुरुघराला अगदीच अनोळखी नव्हता. नांदेडहून फार दूर नसलेल्या नरसीशी जोडले गेलेले संत नामदेव काही शतकांपूर्वी पंजाबात गेले होते आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. पहिल्या पाच प्यारांपैकी भाई साहिबसिंग हे बिदरचे. आजच्या लातूर जिल्ह्याची हद्द संपते तेथे बिदरची सुरू होते. गुरू नानकांच्या स्मृतीचे नानक झिरा हे स्थानही बिदरलाच आहे.

हिराघाटाजवळ गोदावरीच्या काठी साहिबदेवांचा मुक्काम होता, असे नांदेडची परंपरा सांगते. लंगरची व्यवस्था, येणाऱ्या-जाणाऱ्या शिखांचे खाणेपिणे, आजाऱ्यांची देखभाल हे त्यांचे काम. गुरूंचे दर्शन घेतल्याखेरीज अन्न घ्यायचे नाही, हा त्यांचा नेम होता. छावणी मोठी, गुरूंचा दिनक्रम व्यग्र. कधी दर्शनाला दुपार व्हायची, तरी नेम मोडला जात नसे.

नांदेडलाच गुरूंची माधोदास बैराग्याशी भेट झाली. त्याचाच पुढे बंदासिंग बहादूर झाला. सरहिंदच्या अन्यायाबाबत बादशहा काहीच करणार नाही, हे एव्हाना स्पष्ट झाले होते. बंदासिंगाला पंजाबकडे धाडण्यात आले. दुसरीकडे वजीरखानाने पाठवलेले पठाण मारेकरी गुरूंच्या मागावर नांदेडपर्यंत आले होते.

निरोप

याच सुमारास गुरूंनी साहिबदेवांना दिल्लीला जाण्यास सांगितले. आपला शेवट जवळ आल्याचे त्यांना उमगले होते, असे परंपरा मानते. साहिबदेवांपुढे प्रश्न होता तो त्यांच्या नेमाचा. दर्शनाविना अन्न नाही, मग दिल्लीत जगायचे कसे? तेव्हा गुरूंनी त्यांना पाच शस्त्रे दिली. सहावे गुरू हरगोविंदजी यांच्यापासून चालत आलेली ती शस्त्रे होती, असे सांगितले जाते. त्यांचे दर्शन म्हणजेच माझे दर्शन, या समजुतीने रोज अन्न घ्यावे, असे गुरूंनी सांगितले. भाई मनीसिंग यांच्या सोबतीने साहिबदेवांनी नांदेड सोडले.

७ ऑक्टोबर १७०८ रोजी, मारेकऱ्यांच्या वाराने झालेली जखम पुन्हा उघडल्याने गुरू गोविंदसिंगजी नांदेडला ज्योतीज्योत समावले. त्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. ज्या क्षणामुळे नांदेड शिखांचे तख्त बनले, त्या क्षणी त्यांची सहधर्मचारिणी तेथे नव्हती. ती शस्त्रांचे गाठोडे सांभाळत उत्तरेकडे गेली होती.

त्याच ताफ्यात पंजाबातून आलेली आणखी एक स्त्री होती, माई भागो. मुक्तसरच्या लढाईत घोड्यावर बसून लढलेली ही वीरांगना गुरूंनंतर पंजाबला परतली नाही. बिदरजवळच्या जनवाडा येथे तिने उर्वरित आयुष्य काढले आणि तेथेच तिची अखेर झाली. हुजूरसाहिबच्या आवारात तिच्या नावाचा बुंगा आहे. एकीने दख्खन आपलेसे केले. दुसरीला दख्खन सोडावे लागले. दोघींच्या वाट्याला आलेली सेवा मात्र एकाच घराची होती.

दिल्लीतील चार दशके

दिल्लीत साहिबदेवां आणि माता सुंदरी एकत्र राहू लागल्या. अजमेरी दरवाजाजवळच्या कुचा दिलवाली सिंघां या गल्लीत त्यांचे वास्तव्य होते, असे मानले जाते. देहधारी गुरू नाहीत, पुत्र नाहीत, पंजाब पेटलेला. लोक मार्गदर्शनासाठी ग्रंथाकडे पाहत आणि दिलाशासाठी या दोन स्त्रियांकडे.

१७१० मध्ये बंदासिंगाने सरहिंद घेतले. वजीरखान मारला गेला. पण हा विजय अल्पजीवी ठरला. १७१६ च्या आरंभी बंदासिंग आणि त्याचे सुमारे ७०० साथीदार बेड्या घालून दिल्लीत आणले गेले. मार्चमध्ये रोज शंभर याप्रमाणे त्यांची मुंडकी उडवण्यात आली. जूनमध्ये बंदासिंगालाही हाल हाल करून मारण्यात आले. खालशाच्या मातांनी आपला आसरा मांडला होता तो याच शहरात. ज्यांना पुत्र मानले त्यांच्या कत्तलीची बातमी त्यांना दूरवरून ऐकावी लागली नाही. ती त्यांच्या शहरातल्या रस्त्यांवरच घडली.

बंदासिंगानंतर पंथात फूट पडली. त्याला मानणारे बंदई आणि मूळ परंपरेचा आग्रह धरणारे तत्त खालसा, असे दोन तट झाले. अमृतसरच्या हरिमंदिराची व्यवस्था कोणी पाहायची, यावरून तलवारी उपसल्या जाण्याची वेळ आली. अशा वेळी दिल्लीहून भाई मनीसिंगांना अमृतसरला पाठवण्यात आले. १७२१ साली त्यांनी दोन्ही पक्षांना सरोवरात चिठ्ठ्या टाकून निर्णय स्वीकारण्यास राजी केले आणि रक्तपात टळला, असा वृत्तांत आहे. अधिकाराने माता सुंदरी थोरल्या होत्या आणि या घडामोडींत त्यांचे नाव पुढे येते. साहिबदेवां त्यांच्या सोबतीने उभ्या होत्या.

दोन्ही मातांची खरी कसोटी मात्र घरातच लागली. माता सुंदरींनी अजितसिंग नावाचा एक मुलगा दत्तक घेतला होता. चमकौरला पडलेल्या पुत्राशी त्याचे रूप मिळतेजुळते होते, म्हणून त्याला तेच नाव मिळाले, असे सांगतात. मोठा झाल्यावर गुरुघराचा वारस म्हणून त्याला मान मिळू लागला. त्याने दरबारी थाट मांडला आणि स्वतःला गुरू म्हणवून घेण्यापर्यंत मजल मारली. देहधारी गुरूंची परंपरा नांदेडला संपली होती. त्या निर्णयाला घरातूनच आव्हान मिळत होते. पुत्र टिकवायचा की गुरूंचा शब्द, असा हा पेच होता.

मातांनी गुरूंचा शब्द राखला. अजितसिंगाचा त्याग करून त्या मथुरेला निघून गेल्या. पुढे एका हत्येच्या प्रकरणात अजितसिंगाला १७२५ साली दिल्लीत देहदंड झाला. त्याचा मुलगा हठीसिंग यानेही बापाचीच वाट धरली, तेव्हा त्याच्याशीही संबंध तोडण्यात आला. मोठ्या कष्टाने जोडलेले कुटुंब दोनदा मोडावे लागले. गुरुपद मागणारा आपल्या घरचा असला तरी त्याला पाठिंबा नाही, हे यातून पंथाला कळले. त्या दोघी पुन्हा दिल्लीला आल्या.

पत्रांतील आवाज

येथपर्यंतच्या कथेत साहिबदेवांविषयी जे कळते ते बहुतांशी इतरांनी त्यांच्यासाठी ठरवलेले आहे. वडिलांनी संकल्प सोडला, गुरूंनी स्वीकारले, गुरूंनी निरोप दिला. त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो त्यांच्या हुकूमनाम्यांतून. हुकूमनामा म्हणजे गुरुघरातून गावोगावच्या संगतींना जाणारे आज्ञापत्र. गुरूंनंतर असे हुकूमनामे दोन्ही मातांच्या नावे निघू लागले. माता सुंदरींचे हुकूमनामे १७१७ पासूनचे आहेत. साहिबदेवांचे आजवर नऊ हुकूमनामे प्रकाशात आले असून ते १७२६ ते १७३४ या काळातील आहेत. इतिहासकार गंडासिंग यांनी संपादित केलेल्या हुकूमनाम्यांच्या संग्रहात ते छापले गेले आहेत.

या पत्रांत मोठे राजकारण नाही. संगतीला आशीर्वाद आहेत, लंगरच्या खर्चासाठी मदतीची हाक आहे. पण ती कोणत्या काळात लिहिली गेली, हे ध्यानात घ्यायला हवे. लाहोरचा सुभेदार जकारियाखान शिखांच्या पाठी लागला होता. लोक जंगलांत आणि वाळवंटात दडून राहत होते. १७३४ मध्ये खुद्द भाई मनीसिंगांना लाहोरला हाल करून मारण्यात आले. ज्या हातांनी या मातेला आनंदपूरहून आणि नांदेडहून सुखरूप आणले, ते हातही गेले. अशा दिवसांत एखाद्या गावच्या संगतीला दिल्लीहून मातेचे पत्र येणे, याचा अर्थ गुरुघर अजून उभे आहे, लंगर अजून पेटता आहे, एवढाच होता. त्या काळी तेवढा अर्थ पुरेसा होता.

निपुत्रिक स्त्रीच्या समाधानासाठी दिलेले मातृपद या पत्रांतून एक जबाबदारी बनलेले दिसते. ती निभावण्यासाठी रोजचा हिशेब ठेवावा लागला, माणसे सांभाळावी लागली, पैसा उभा करावा लागला. ते काम दोघींनी मिळून केले. सवतीमत्सराच्या कथा रंगवणाऱ्या समाजात, दोन विधवांनी जवळजवळ चाळीस वर्षे एकाच चुलीवर एका समाजाचे घर चालवले, ही गोष्ट वेगळी नोंदवावी अशी आहे.

त्या घरात वाढलेल्या एका पोरक्या मुलाची कथा मोठी बोलकी आहे. लाहोरजवळच्या अहलू गावचा जस्सासिंग लहान असतानाच वडिलांना मुकला. त्याची आई कीर्तन करीत असे. ती मुलाला घेऊन दिल्लीला मातांच्या सेवेत आली. काही वर्षे तो मुलगा या घरात शिकला, वाढला. पंजाबला परतल्यावर त्याच्या बोलण्यात दिल्लीची हिंदुस्तानी इतकी मुरली होती की सोबतचे शीख त्याची थट्टा करीत. नवाब कपूरसिंगांनी त्याला आपल्या छत्राखाली घेतले. हाच जस्सासिंग अहलुवालिया पुढे दल खालसाचा सेनानी झाला आणि १७८३ च्या मार्चमध्ये शिखांच्या फौजा दिल्लीच्या लाल किल्ल्यात शिरल्या तेव्हा त्यांच्या अग्रभागी होता. त्याच वर्षी सरदार बघेलसिंग यांनी दिल्लीतील गुरुस्थाने शोधून तेथे गुरुद्वारे उभारण्याचे काम हाती घेतले. माता सुंदरी यांच्या नावाचा गुरुद्वारा आणि मातांच्या अंत्यसंस्काराची जागा असलेले बालासाहिब ही त्यांपैकीच दोन स्थाने.

अखेर

साहिबदेवांच्या उतारवयात दिल्लीने बरेच काही पाहिले. १७३७ मध्ये बाजीराव पेशव्यांची मराठी फौज शहराच्या वेशीपर्यंत येऊन गेली. १७३९ मध्ये नादिरशहाने शहरात कत्तल घडवली आणि मयूर सिंहासन लुटून नेले. १७४६ मध्ये पंजाबात शिखांचा मोठा संहार झाला. तो छोटा घल्लूघारा या नावाने ओळखला जातो. १७४७ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, साहिबदेवांनी देह ठेवला. माता सुंदरींचे निधनही त्याच वर्षीचे मानले जाते. यमुनेकाठी, आठवे गुरू हरकिशनजी यांच्यावर जेथे अंत्यसंस्कार झाले होते त्या बालासाहिबच्या भूमीतच दोघींना निरोप देण्यात आला. त्यानंतरच्या वर्षी अमृतसरला विखुरलेल्या जथ्यांची एकजूट होऊन दल खालसा आकाराला आला. पंथ आता स्वतःच्या पायांवर उभा राहत होता.

१९४७ च्या फाळणीनंतर रोहतासच्या किल्ल्यातील शीख वस्ती उठून गेली. त्यांच्या जन्मस्थानाची खूण असलेला गुरुद्वारा तेथे उभा आहे, पण रोजची संगत नाही. नांदेडचे चित्र याच्या उलट आहे. महाराजा रणजितसिंगांच्या काळात १८३२ ते १८३७ दरम्यान हुजूरसाहिबची आजची इमारत उभी राहिली. पंजाबातून आलेली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्यात राहून दखनी शीख झाली. २००८ साली गुरू ग्रंथसाहिबाच्या गुरुगादीला तीनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा देश-परदेशांतून लक्षावधी भाविक नांदेडला आले. त्यांतील अनेकांची पावले मातेच्या गुरुद्वाऱ्याकडेही वळली.

अमृत घेणाऱ्या प्रत्येकाला आजही सांगितले जाते की त्याचा पिता गुरू गोविंदसिंग, माता साहिबकौर, जन्मस्थान केशगढसाहिब आणि निवास आनंदपूर. तो लुधियान्याचा असो, लंडनचा असो की नांदेडच्या गल्लीत मराठी बोलत वाढलेला असो, त्याची माता एकच ठरते.

हुजूरसाहिबला रोज संध्याकाळी गुरूंची शस्त्रे संगतीला दाखवली जातात. नांदेडहून साहिबदेवांनी नेलेली पाच शस्त्रे दिल्लीत, संसद भवनासमोरच्या रकाबगंज गुरुद्वाऱ्यात जपून ठेवली आहेत. एका स्त्रीने रोजच्या जेवणाआधी त्यांचे दर्शन घेतले आणि मग इतरांच्या जेवणाची सोय पाहिली. तिच्या नावाच्या गोदाकाठच्या गुरुद्वाऱ्यात आजही आलेल्याला आधी लंगरच्या पंगतीत बसवले जाते आणि तो कोठून आला हे विचारले जात नाही.